गेन म्हणजे ताकद नव्हे

लॅमिंग्टन रोडवर ॲम्प्लिफायर बघायला गेलात की एक प्रयोग हमखास पाहायला मिळतो. व्हॉल्यूमचा नॉब घड्याळातल्या सातवरून नऊवर आणला जातो, तेवढ्यात शोकेसची काच थरथरायला लागते आणि काउंटरमागून वाक्य येतं, ‘बघा, अजून पावसुद्धा फिरवला नाही!’ गिऱ्हाईक खूश. एवढ्यातच हे, तर पूर्ण फिरवला तर काय होईल, असा हिशेब त्याच्या डोक्यात सुरू होतो.

काय होईल ते सांगतो. आवाज फाटेल.

ॲम्प्लिफायरची ताकद ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय आणि आउटपुट ट्रान्झिस्टर यांच्यात असते. इनपुटला आलेला व्होल्टेज किती पटीने मोठा करायचा, एवढंच गेन ठरवतो. ८ ओहमच्या स्पीकरवर ३० वॅट द्यायचे तर साडेपंधरा व्होल्ट लागतात. गेन ३६ डेसिबल, म्हणजे ६३ पट ठेवला, तर पाव व्होल्टातच हा ॲम्प आपल्या टोकाला पोचतो. शेजारी १०० वॅटचा आणि २६ डेसिबल, म्हणजे २० पट गेनचा ॲम्प ठेवा. त्याला टोकाला जायला १.४ व्होल्ट हवेत. नॉब एकाच जागी ठेवला तर ३० वॅटवाला जोरात वाजतो आणि १०० वॅटवाला मवाळ वाटतो. दुकानातल्या प्रयोगात जिंकतो तो दुबळाच.

दुसरा पक्ष जरा शहाण्यांचा आहे. त्यांचं म्हणणं असं, की पॉवर ॲम्पला ‘उठवायला’ तगडा, भरपूर व्होल्ट देणारा प्रीॲम्प पाहिजे. सीडी प्लेयर थेट जोडला तर गाण्यात जीव राहत नाही. तगड्या प्रीॲम्पची गरज एके काळी खरी होती. चोरबाजारात आजही मिळणारे सत्तरच्या दशकातले जपानी ॲम्प घ्या. ट्यूनर आणि टेपडेकचा मिणमिणता सिग्नल गृहीत धरून त्यांची लाइन इनपुट साधारण दीडशे मिलिव्होल्टला बेतलेली असे. पण १९८२ मध्ये सीडी आली आणि तिच्यासोबत २ व्होल्टचा आउटपुट रूढ झाला. दीडशे मिलिव्होल्टच्या तुलनेत हे तेरा पट, म्हणजे २२ डेसिबल जास्त. आजचे डॅकही (डिजिटल-ॲनालॉग कन्व्हर्टर) तेवढाच देतात. तरीही बाजारात १५-२० डेसिबल गेनचे प्रीॲम्प येतच राहिले आणि आपण ते ‘तगडे’ म्हणून घेत राहिलो.

आता आपल्या खोल्यांकडे या. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. गिरगावातल्या दहा बाय बाराची गोष्टही वेगळी नाही. स्पीकर ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे आणि बसायची जागा सहा-सात फुटांवर धरली, तर दोन्ही स्पीकरना एकेक वॅट देऊन ८५ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. घरच्यांना चालेल असा सरासरी ७५ डेसिबल हवा असेल तर वॅटचा दहावा भाग पुरे. गाण्यातले चढ त्यावर २० डेसिबलनी जातात असं उदारपणे धरलं, तरी क्षणभरासाठी १० वॅट, म्हणजे ९ व्होल्ट. पॉवर ॲम्पचा गेन २९ डेसिबल असेल तर इनपुटला लागले फक्त ०.३२ व्होल्ट. डॅक देतोय २. म्हणजे प्रीॲम्पने एक पटही न वाढवता १६ डेसिबल जास्तीचे आहेत. त्यात २० डेसिबलचा ‘तगडा’ प्रीॲम्प घातला की ३६ डेसिबल आधी फुगवायचे आणि मग नॉबने दाबायचे. याला ताकद म्हणायचं?

आणि हे फुकट होत नाही. व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या साध्या जोड-पॉटचे डावा-उजवा असे दोन ट्रॅक खालच्या टोकाला सारखे नसतात. रात्री दहानंतर, जेव्हा निवासी भागात कायद्याची मर्यादा ४५ डेसिबलची असते आणि भिंतीपलीकडचा शेजारी कायदा न वाचताही ती पाळायला लावतो, तेव्हा नॉब आठच्या जवळ येतो. किशोरीताई आमोणकरांचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध असायला हवा, तो डावीकडे सरकतो. आणखी थोडं कमी केलं की उजवीकडचा तानपुरा जवळजवळ विझतो. शिवाय प्रीॲम्पच्या शेवटच्या टप्प्याची सूं नॉबच्या नंतर जन्मते, त्यामुळे आवाज कितीही कमी केला तरी ती पॉवर ॲम्पच्या २९ डेसिबल गेनने २८ पट होऊन स्पीकरपर्यंत पोचतेच. आलापापूर्वीच्या शांततेत ऐकू येते ती हीच. लोक तिला रेकॉर्डिंगचा दोष समजतात.

गंमत अशी, की ज्याला हायफायवाले नाकं मुरडतात, त्या लालबागच्या मंडपातल्या साउंडवाल्याला हे बरोबर कळतं. त्याच्या पॉवर ॲम्पच्या तोंडावर प्रत्येक चॅनलचा वेगळा लेव्हल नॉब असतो. मिक्सर सूं करायला लागला की तो तिथून कमी करतो आणि मिक्सरचे फेडर वर घेतो. वॅटांचा अतिरेक करतो, ते सोडा. गेनच्या बाबतीत तो आपल्याहून शास्त्रशुद्ध आहे.

रेकॉर्ड ऐकणारे इथे हरकत घेतील, आणि हरकत तपासण्यासारखी आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ५ मिलिव्होल्ट देतं, फोनो स्टेज ते शंभर पट करते, म्हणजे अर्धा व्होल्ट. सीडीपेक्षा बराच कमी. पण वरच्या हिशेबाला लागतात ०.३२. मोठा हॉल, दूरची बैठक आणि ८२ डेसिबलचे आळशी स्पीकर असतील, तर प्रीॲम्पचा गेन जरूर हवा. दादर-परळमध्ये असे हॉल किती जणांकडे आहेत?

तेव्हा प्रीॲम्प बदलू नका. लॅमिंग्टन रोडलाच जा आणि एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टन्स घ्या, प्रत्येक चॅनलला दोन. २.२ किलोओहमचा सिग्नलच्या वाटेत, १ किलोओहमचा त्यानंतर सिग्नल आणि ग्राउंडच्या मध्ये. १० डेसिबल कमी झाले. प्रीॲम्पची सूंही तेवढीच खाली आली आणि नॉब अकराच्या दिशेने सरकला, जिथे दोन्ही ट्रॅक जुळतात. सोल्डरिंग दोघांना जोडणाऱ्या केबलच्या पॉवर ॲम्पकडच्या पिनमध्ये करा, प्रीॲम्पकडच्या नव्हे. व्हॉल्व्हचा प्रीॲम्प असेल तर त्याला ३.२ किलोओहमचा भार सोसणार नाही; तिथे २२ आणि १० किलोओहम लावा, पॉवर ॲम्पचा इनपुट ४७ किलोओहमच्या आसपास आहे एवढं आधी बघून.