वाढत्या अंगाची बंदूक

जून महिन्यात शाळेचा गणवेश घ्यायला गेलं की आईचं दुकानदाराला एकच सांगणं असायचं, "वाढत्या अंगाचा द्या." मग पहिलं वर्ष बाह्या दुमडून, दुसरं वर्ष बरोबर मापात आणि तिसरं वर्ष घोटे दाखवत काढायचं. पैशाच्या दृष्टीने यात शहाणपणच होतं. इथे विस्कॉन्सिनमध्ये आल्यावर कळलं की काही लोक मुलांसाठी बंदूकही याच हिशोबाने घेतात. आठ-दहा वर्षांच्या पोराला बापाच्या मापाची, म्हणजे पुढे हरणालाही चालेल आणि कॉलेजात गेला तरी पुरेल! ढगळ सदरा घालून कुणी जखमी होत नाही, ढगळ बंदुकीचं तसं नाही.

हा विषय माझ्या डोक्यात यायचं कारण घरातच आहे. मुलगा दहा वर्षांचा. शेजारचे गृहस्थ निवृत्त आहेत, जन्मापासून इथलेच, आणि शिकार त्यांच्या हाडात मुरलेली. त्यांनी विचारलं, याला नोव्हेंबरात बरोबर नेऊ का, आणि न्यायचं तर तुम्ही कुठली रायफल घेणार? बायको म्हणाली, "अजिबात नाही." मी म्हणालो, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ सहसा 'नाही' असाच होतो, पण यावेळी मी खरंच बघायला लागलो. दुकानांत गेलो, बंदुका हाताळल्या, म्हाताऱ्या शिकाऱ्यांशी बोललो.

ज्यांनी हा प्रदेश पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. पाच लाखांहून जास्त परवाने जातात. भगव्या जाकिटातली माणसं पहाटे गाड्या काढून रानात जाऊन बसतात. मिळालेलं मांस फ्रीझरमध्ये जातं आणि हिवाळाभर पुरतं. यात श्रीमंतांची हौस कमी आणि घराण्याचा रिवाज जास्त. आजोबा बसायचे त्याच झाडावर नातू बसतो. त्यामुळे 'लहान मुलाच्या हातात बंदूक म्हणजे रानटीपणा' असं पुण्या-मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे, पण त्यातून काही कळत नाही.

आणि आपल्याकडे तरी बंदूक अगदीच नव्हती असं कुठे आहे? आमच्या कोकणातल्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रात्री डुकरं शेतात शिरली की आजोबा बार काढायचे. दसऱ्याला तिची पूजा व्हायची, तेव्हा आम्हा पोरांना हळदकुंकू वाहण्यापुरतं जवळ जाता यायचं. बस्स, तेवढंच. आमच्या हातात असायची ती बेचकी. 1972 चा वन्यजीव कायदा आणि शस्त्रपरवान्यासाठीची 21 वर्षांची अट यामुळे आपल्याकडे हा प्रश्न मुलापर्यंत येतच नाही. अमेरिकेत मात्र दुकानातून रायफल विकत घ्यायला 18 वर्षं लागतात, पण आईबापांनी दिलेली रायफल मुलाने वापरायला केंद्राच्या कायद्यात किमान वय नाही. विस्कॉन्सिनने तर 2017 मध्ये, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली शिकार करणाऱ्या मुलांसाठी असलेली दहा वर्षांची अटही काढून टाकली. म्हणजे कायदा हात वर करतो आणि ठरवायचं आपण.

तर आधी मापाचं. दस्त्याचं टोक खांद्याला टेकतं, तिथपासून चापापर्यंतचं अंतर महत्त्वाचं. मोठ्यांच्या रायफलीत ते साधारण साडेतेरा इंच असतं. दहा वर्षांच्या पोराला ते अकरा-बारा इंच हवं. जास्त असेल तर पोर मागे झुकतं, दस्ता खांद्याऐवजी दंडावर येतो, मान ताणली जाते आणि डोळा नेमाच्या रेषेत येतच नाही. शेजाऱ्यांची परीक्षा साधी आहे. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, दस्ता मुलाच्या कोपराच्या खोबणीत ठेवायचा आणि बोट चापापर्यंत सहज पोचतं का ते पाहायचं. नाही पोचलं तर ती बंदूक त्याची नाही. त्यांच्या लहानपणी म्हणे लाकडी दस्ता करवतीने कापायचे आणि कापलेला तुकडा जपून ठेवायचे, मूल वाढलं की परत जोडायला. आता मुलांच्या बऱ्याच रायफलींना दस्त्यामागे घालायच्या चकत्याच मिळतात. वाढत्या अंगाची सोय करायची तर ती अशी!

दुसरी गोष्ट धक्क्याची. बाप लोकांना वाटतं, हलकी बंदूक पोराला बरी. उचलायला बरी, पण गोळी तीच असेल तर हलकी बंदूक खांद्यावर जास्त जोरात आदळते. शाळेतलं भौतिकशास्त्र आहे हे. .30-06 सारख्या जुन्या लोकप्रिय काडतुसाचा धक्का .243 च्या साधारण दुप्पट. एकदा दोनदा तो बसला की मूल पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतं आणि आक्रसतं. ही सवय लागली की सुटता सुटत नाही, आणि तिची किंमत मोजतं हरीण. पोटात गोळी लागून ते मैलभर पळतं आणि झुडपात रात्रभर मरत पडतं. शिकारीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा, विरोधकांनी नव्हे.

म्हणून पहिली बंदूक .22 चीच असावी आणि तीही एका वेळी एकच गोळी घेणारी. तिला धक्का जवळजवळ नाही आणि काडतुसं स्वस्त. (आवाज मात्र फसवा. सुमारे 140 डेसिबल, तेव्हा कानांना संरक्षण हवंच.) विस्कॉन्सिनमध्ये या रिमफायर .22 ने हरीण मारता येत नाही, आणि मला तोच तिचा गुण वाटतो. हरणाची घाईच नको. कागदावरचे ठिपके, डबे आणि पुढे कधीतरी सप्टेंबरातली खार. 'लहान बंदूक' म्हणून तिला कमी मात्र लेखू नये. काडतुसाच्या डब्यावरच इशारा छापलेला असतो की ही गोळी दीड मैल जाऊ शकते. पोराला दीड मैल म्हणजे किती ते गाडीत बसवून दाखवावं, आपल्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत.

एकच गोळी का, तर बंदुकीची अवस्था मुलाला आणि शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाला एका नजरेत दिसते म्हणून. बोल्ट मागे ओढलेला असेल तर रिकामं घर समोर दिसतं. आपोआप पुढची गोळी भरणारी बंदूक उत्साहाच्या भरात वळलेल्या मुलाच्या हातात, अजून भरलेली असते. नळीखालच्या मॅगझिनमध्ये एखादी गोळी अडकून राहते आणि सगळे ती रिकामी समजतात. काही लहान रायफलींत बोल्ट बंद केल्यावर मागची कळ चिमटीने वेगळी ओढावी लागते, तेव्हाच ती उडते. तक्रार अशी की मुलांना ती जड जाते. जाऊ दे की! ज्याच्या बोटांत ती ओढायची ताकद नाही त्याला अजून एक वर्ष थांबवलं तर काय बिघडणार आहे? आणि हो, कुठला डोळा वरचढ आहे ते आधी पाहा. आमचा मुलगा डावखुरा, त्याला उजव्या हाताचा बोल्ट दिला असता तर सगळंच उलटंपालटं.

इथपर्यंत माझं आणि शेजाऱ्यांचं एकमत. पुढे नाही.

दुकानात मुलांच्या रायफली गुलाबी, निळ्या, जांभळ्या रंगात मांडलेल्या असतात. पेनसिल्व्हेनियातल्या किस्टोन कंपनीची 'क्रिकेट' नावाची रायफल तर 'माझी पहिली रायफल' याच बिरुदाखाली विकली गेली. यंत्र म्हणून ती वाईट नाही, वर सांगितलेली चिमटीची कळ तिलाही आहे. पण एप्रिल 2013 मध्ये केंटकीत पाच वर्षांच्या मुलाच्या हातून त्याच्या दोन वर्षांच्या बहिणीला गोळी लागली आणि ती गेली, ती याच जातीच्या रायफलीने. त्याला भेट मिळालेली रायफल घरात कोपऱ्यात उभी होती आणि आत एक काडतूस राहिलंय हे कुणाला ठाऊक नव्हतं. कळ, बोल्ट, एकच गोळी, सगळं होतं. नव्हतं ते कुलूप. आणि वस्तू 'त्याची' होती. जी वस्तू मुलाची असते ती मुलाच्या हाताला लागेल अशीच ठेवली जाते, सायकलीसारखी. माझा विरोध आहे तो या 'त्याची'ला.

शेजारी म्हणतात, "शिकवलं की मुलं हात लावत नाहीत." मला हे पटत नाही. 2001 मध्ये 'पीडिअॅट्रिक्स' नियतकालिकात एक प्रयोग आला होता. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघातिघांच्या गटाने एका खोलीत सोडलं, तिथे खणात खरं पण निकामी केलेलं पिस्तूल. ज्या गटांना ते सापडलं त्यांतल्या बहुतेकांनी ते हाताळलं, काहींनी चापही ओढला. आणि त्यांतल्या बहुतेकांना आधी सुरक्षिततेचे धडे मिळालेले होते. धडे द्यावेतच, पण धडे म्हणजे कुलूप नव्हे. 2020 पासून या देशात 1 ते 19 वयोगटातल्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे. त्यांत शिकारीतले अपघात नगण्य, खून आणि आत्महत्याच जास्त. शिकारी मंडळी हे अभिमानाने सांगतात, पण सोळा वर्षांच्या उदास मुलाच्या हाताला लागणारी बंदूक सहाव्या वर्षी शिकारीसाठी घेतलेलीही असू शकते. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डला नोव्हेंबर 2021 मध्ये चार विद्यार्थी मारले गेले, ते आईबापांनी मुलासाठी नाताळची आगाऊ भेट म्हणून घेतलेल्या पिस्तुलाने. 2024 मध्ये आई आणि बाप दोघांनाही शिक्षा झाली. पिस्तूल आणि शिकारीची रायफल यांत फरक आहे, मान्य. कागदात गुंडाळून, फीत बांधून देण्याची रीत मात्र तीच.

माझं मत असं. रायफल मापाने मुलाची असावी, मालकीने कधीच नाही. ती बापाची, बापाच्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. वाढदिवसाला देऊ नये. तिला नाव देऊ नये. आणि पहिला हंगाम मुलाने रिकाम्या हाताने काढावा. पूर्वी इथल्या कायद्यात निदान एवढं होतं की शिकवणारा आणि शिकणारा मिळून एकच हत्यार. 2017 च्या दुरुस्तीत तेही गेलं. मला ती अट फार शहाणी वाटायची. शिकवणाऱ्याच्या हातात स्वतःची बंदूक आली की त्याचं अर्धं लक्ष हरणाकडे जाणार, माणूसच तो.

शेजाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की त्यांच्या वडिलांनी त्यांना पहिली दोन वर्षं नुसतं हरीण सोलायला नेलं होतं. हे त्यांनी आधी का सांगितलं नाही, कोण जाणे!

तर ठरलं ते असं. या नोव्हेंबरात मुलगा जाणार, भगवं जाकीट घालून, थर्मास सांभाळायला. बंदूक एकच, शेजाऱ्यांची. हरीण मिळालं तर त्याचं पोट फाडताना उभं राहून पाहायचं, नको वाटलं तर तसं सांगायचं, आणि त्यावर कुणी हसायचं नाही. बायकोने होकार दिलेला नाही, फक्त तिजोरीची किल्ली कुणाकडे असते ते विचारलं. .22 चा विषय शिकारीचा वर्ग पुरा झाल्यावर. पहाटे साडेचारला उठावं लागतं हे मुलाला अजून सांगितलेलं नाही.