अहवाल 'सामान्य', तरीही अपत्य नाही : शुक्राणूंच्या संरक्षक प्रथिनाचा धडा

अपत्य न होणाऱ्या दांपत्याच्या तपासणीत पतीच्या वीर्याचा अहवाल 'सामान्य' आला, की दोष पत्नीकडेच असणार, असे आपल्याकडे बहुधा गृहीत धरले जाते. शुक्राणूंवरील एका संरक्षक प्रथिनाविषयीचे संशोधन मात्र या गृहीतकाला छेद देणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी वंध्यत्वाविषयीची आपली पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केल्यानंतर या प्रश्नाला नव्याने महत्त्व आले आहे. जगातील सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, असा अंदाज संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये वर्तवला होता.

शुक्राणूंचे कवच

शुक्राणू वृषणात तयार होतात. पण तेथून बाहेर पडताना ते गर्भधारणेस सक्षम नसतात. वृषणाला लागून असलेल्या, वेटोळे घातलेल्या कित्येक मीटर लांबीच्या अधिवृषण नलिकेतून जाताना ते परिपक्व होतात. याच प्रवासात त्यांच्या पृष्ठभागावर 'बीटा-डिफेन्सिन १२६' या प्रथिनाचा थर चढतो. डिफेन्सिन हा मुळात जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांचा वर्ग आहे. या प्रथिनाला जोडलेल्या शर्करेच्या साखळ्यांमुळे शुक्राणूभोवती ऋण विद्युतभाराचे आवरण तयार होते. स्त्रीच्या गर्भाशयमुखातील चिकट स्राव ओलांडण्यास आणि तिच्या रोगप्रतिकारक यंत्रणेची नजर चुकवण्यास हे आवरण साहाय्यभूत ठरते. मकाक जातीच्या माकडांवरील प्रयोगांत हा थर काढून टाकल्यावर शुक्राणू त्या स्रावात अडखळले आणि प्रथिन पुन्हा मिसळताच ते पूर्ववत पुढे सरकू लागले.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी चीनमधील व अन्य सहकाऱ्यांसह २०११ मध्ये याचा पुढचा दुवा उजेडात आणला. हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकातील दोन अक्षरे गळाल्याचा प्रकार मानवात सर्रास आढळतो. माता आणि पिता या दोघांकडूनही असे सदोष जनुक मिळालेल्या पुरुषांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश असल्याचे या अभ्यासातून पुढे आले. अशा पुरुषांचे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली इतरांसारखेच दिसतात आणि तितक्याच चपळाईने हालचाल करतात. मात्र, गर्भाशयमुखातील स्रावाऐवजी वापरलेल्या जेलमध्ये शिरण्याचा त्यांचा वेग तब्बल ८४ टक्क्यांनी कमी भरला. चीनमधील पाचशेहून अधिक दांपत्यांच्या पाहणीत, पतीकडे अशी दोन्ही सदोष जनुके असलेल्या जोडप्यांना अपत्यप्राप्ती होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के कमी आढळली.

याच वर्गातील 'बीटा-डिफेन्सिन १' या प्रथिनाबाबत चीनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शुक्राणूंची हालचाल मंद असलेल्या किंवा जननमार्गात संसर्ग झालेल्या वंध्य पुरुषांच्या शुक्राणूंत हे प्रथिन कमी असल्याचे त्यांना आढळले. प्रयोगशाळेत ते बाहेरून पुरवल्यावर शुक्राणूंची गती आणि जंतुनाशक क्षमता, दोन्हींत सुधारणा झाली.

अहवालाची मर्यादा

नेहमीच्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार पाहिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही संदर्भासाठीची किमान मर्यादा आहे. परंतु हे आकडे प्रजननक्षम आणि वंध्य यांना विभागणारी काटेकोर रेषा नव्हेत, हे त्याच पुस्तिकेत नमूद आहे. संरक्षक प्रथिनाचा थर तर या मोजमापांत धरलाच जात नाही. त्यामुळे 'सामान्य' या शेऱ्याचा अर्थ 'पाहिले तेवढ्यात दोष आढळला नाही' इतकाच घेणे योग्य ठरेल.

तथापि, या संशोधनाचा उलट टोकाचा अर्थ काढणेही चुकीचे होईल. जगातील सुमारे एक चतुर्थांश पुरुषांत आढळणारा जनुकीय बदल म्हणजे वंध्यत्व नव्हे. अशा पुरुषांपैकी अनेकांना नैसर्गिकरीत्या अपत्ये होतात. काहींना त्यासाठी अधिक काळ लागतो, एवढेच. असा बदल आढळलेल्या दांपत्याला शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याच्या 'इक्सी' पद्धतीकडे वेळ न दवडता वळता येईल, अशी अपेक्षा संशोधकांनी व्यक्त केली होती. मात्र ही जनुकीय चाचणी अद्याप नेहमीच्या तपासणीचा भाग झालेली नाही, आणि हे प्रथिन देण्याचा सिद्ध झालेला उपचारही उपलब्ध नाही. त्या नावाने कोणी औषध वा पूरक आहार विकू पाहत असेल, तर सावध राहणेच श्रेयस्कर.

भारतात सहाय्यक प्रजनन उपचारांच्या नियमनाचा कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. कायद्याने केंद्रांना शिस्त लावता येते. घरातील दृष्टिकोन बदलणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पतीचा एक कागद 'सामान्य' ठरल्यावर पत्नीला वर्षानुवर्षे तपासण्या, औषधे आणि टोमणे सोसावे लागतात, ही वस्तुस्थिती आहे. अपयशाचे कारण कित्येकदा सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या थरात दडलेले असते, हे या प्रथिनाने दाखवून दिले आहे. म्हणूनच तपासणीची सुरुवात दोघांपासून व्हावी आणि अहवालातील एका शब्दावरून कोणा एकाला दोषी ठरवले जाऊ नये, हाच या संशोधनाचा खरा व्यावहारिक अर्थ आहे.