सरकारी मदत हवी? आधी ड्रग टेस्ट द्या! अमेरिकेतला हा वाद नेमका काय आहे?

‘नोकरीला लागताना आम्ही ड्रग टेस्ट देतो. मग आमच्या टॅक्समधून मदत घेणाऱ्यांनी ती का देऊ नये?’ अमेरिकेत हा प्रश्न पंचवीसहून अधिक वर्षे वेगवेगळ्या राज्यांत पुन्हा पुन्हा विचारला जातोय. ऐकायला बिनतोड वाटतो. फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये तो थेट कायद्यातच उतरवला आणि चार महिन्यांच्या आत न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या चार महिन्यांत काय झालं, हे पाहिलं की वाद बराच स्पष्ट होतो.

कायदा काय होता?

‘टॅन्फ’ ही मुलंबाळं असलेल्या गरीब कुटुंबांना ठरावीक मुदतीपुरती रोख मदत देणारी योजना. अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १९९६ मध्ये सही केलेल्या कायद्यातून ती आली आणि लाभार्थ्यांची ड्रग टेस्ट करण्याची मुभाही राज्यांना त्याच कायद्याने दिली. मिशिगनने १९९९ मध्ये सरसकट चाचणी सुरू केली, पण काही आठवड्यांतच ती कोर्टात अडकली.

फ्लोरिडात गव्हर्नर रिक स्कॉट यांचा कायदा १ जुलै २०११ पासून लागू झाला. संशय असो वा नसो, मदत मागणाऱ्या प्रौढाने लघवीचा नमुना द्यायचा. चाचणीचे साधारण ३० डॉलर आधी स्वतःच्या खिशातून भरायचे; पास झाल्यास सरकार ते परत करणार. नापास झाल्यास वर्षभर मदत नाही. आता हे लक्षात घ्या की तीन जणांच्या कुटुंबाला मिळणारी मदत महिन्याला जास्तीत जास्त ३०३ डॉलर होती. म्हणजे हातात पैसे नाहीत म्हणून आलेल्या माणसाने त्यातला दहावा हिस्सा आधी काढून ठेवायचा.

आकडे काय सांगतात?

स्थगिती येईपर्यंत ४,०८६ जणांनी चाचणी दिली. नापास झाले १०८, म्हणजे २.६ टक्के. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांवरील ८.७ टक्के अमेरिकनांनी गेल्या महिन्याभरात अमली पदार्थ घेतल्याचं सांगितलं होतं. एक आकडा तोंडी उत्तरांचा, दुसरा प्रयोगशाळेचा, त्यामुळे त्यांची थेट तुलना करू नये. पण मदत मागणारे लोक इतरांपेक्षा जास्त व्यसनी असतात, या समजाला इथे आधार मिळत नाही, एवढं नक्की म्हणता येईल.

पास झालेल्यांना सरकारने १,१८,१४० डॉलर परत केले. नापास झालेल्यांची वाचलेली मदत वजा करूनही राज्याला ४५,७८० डॉलरचा फटका बसला. ‘ड्रग्ज घेणारे घाबरून अर्जच करणार नाहीत’ हा समर्थकांचा युक्तिवाद होता. पण अर्जदारांची संख्या घटल्याचं खुद्द संबंधित खात्यालाही दिसलं नाही. शिवाय पालक नापास झाले तरी मुलांच्या वाट्याची मदत दुसऱ्या व्यक्तीमार्फत सुरूच राहणार होती. मग बचत होणार तरी किती?

चाचणीतलं गणित

इथे थोडं इंजिनीअरिंगच्या चष्म्यातून पाहू. समजा १,००० अर्जदारांपैकी २६ जण खरोखर ड्रग्ज घेतात आणि प्राथमिक चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. ती २६ पैकी २५ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९७४ निर्व्यसनी लोकांपैकी सुमारे ४९ जणांनाही दोषी ठरवेल. पकडलेल्या दर तिघांत दोन निर्दोष! म्हणूनच दुसरी, महागडी खातरजमा चाचणी करावी लागते.

त्यात नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश काही आठवडे सापडू शकतात. कोकेन किंवा हेरॉइनचे बहुधा दोन-चार दिवसांत निघून जातात. म्हणजे जास्त घातक नशा करणारा चार दिवस कळ काढून पास होऊ शकतो.

कोर्टाने अडवलं ते खर्चामुळे नाही

विरोधक बहुतेकदा वरचा तोट्याचा हिशेबच पुढे करतात. मला तो कच्चा युक्तिवाद वाटतो. उद्या चाचणी एका डॉलरला मिळू लागली तर? न्यायालयाचा आक्षेप वेगळा होता. नौदलात सेवा केलेला, शिक्षण घेत एकट्याने मूल वाढवणारा एक अर्जदार चाचणीला नकार देऊन कोर्टात गेला. २४ ऑक्टोबर २०११ रोजी न्यायाधीश मेरी स्क्रिव्हन यांनी कायदा रोखला. कारणाशिवाय झडती घेण्याला अमेरिकी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती मनाई करते आणि लघवीची सक्तीची तपासणी हीसुद्धा झडतीच मानली जाते. रेल्वे कर्मचाऱ्यांची चाचणी सार्वजनिक सुरक्षेच्या कारणावरून चालते. नुसतं गरीब असणं हे तसं कारण नाही. डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायालयानेही हेच म्हटलं. राज्य सरकार त्यापुढे सर्वोच्च न्यायालयात गेलंच नाही.

गंमत म्हणजे, जॉर्जिया राज्याने एकदा निवडणुकीच्या उमेदवारांना ड्रग टेस्ट सक्तीची केली होती. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच रद्द केला.

मग पळवाट काय निघाली?

सरसकट चाचणीऐवजी आधी प्रश्नावली आणि संशय आला तरच चाचणी. मिसुरीत २०१४ मध्ये ३८,९७० अर्जदारांपैकी ४४६ जणांना चाचणीला पाठवलं, ४८ जण नापास झाले. खर्च ३,३६,२९७ डॉलर. तिथे चाचणी नाकारणाऱ्याचीही मदत बंद होते, त्यामुळे परिणाम या ४८ पुरताच धरता येत नाही. ऑस्ट्रेलियानेही २०१७ मध्ये ५,००० जणांवर प्रयोग करण्याची घोषणा केली, पण सिनेटची मंजुरी मिळाली नाही.

समर्थकांचा सर्वात वजनदार मुद्दा मुलांचा आहे. नशेत बुडालेल्या पालकाच्या हाती मुलाचे पैसे का द्यायचे? प्रश्न खरा आहे. त्यावर फ्लोरिडाच्या कायद्यात उत्तर होतं ते असं : नापास झालेल्याला उपचार केंद्रांची यादी द्यायची. उपचार पूर्ण केले तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल, चाचणीचे पैसे पुन्हा आधी भरून. उपचारांचा खर्च मात्र सरकारवर बंधनकारक नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं होतं.