दोन अपत्यांची अट रद्द करा



ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आमच्याकडे अर्जांच्या छाननीत अपत्यांचा हिशेब निघतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले असेल, तर सरपंच किंवा सदस्य होता येत नाही. पदावर असताना झाले तर पद जाते. लोकसंख्या आवरण्यासाठी केलेली ही तरतूद यवतमाळ जिल्ह्यात आज निरुपयोगी आहे आणि अन्यायाचीही आहे.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून २०११ चेच आकडे घेतो. जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. दर चौरस किलोमीटरला २०४ माणसे. राज्याची सरासरी ३६५. पुण्या-मुंबईच्या गर्दीत आमच्या पुसद-उमरखेडची पोरे आहेत. कोरडवाहू कापसावर घर चालत नाही म्हणून ती गेली. अपत्यांची अट कितीही कडक केली तरी ती परत येणार नाहीत.

१९९१ ते २००१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १८ टक्क्यांनी वाढली, पुढच्या दशकात १३ टक्क्यांहून कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. हे अटीचेच यश, असे काही जण म्हणतील. मग अशी अट नसताना केरळ आणि तमिळनाडूत हा दर १.८ वर कसा आला? मुली शिकल्या, लग्ने उशिरा होऊ लागली, जन्मलेले बाळ जगेल याची खात्री वाटू लागली, म्हणून आला.

अटीचा खरा मार बायकांवर बसतो. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण मुले किती हवीत हे तांड्यावरची सून एकटी ठरवते का? मुलगा होईपर्यंत थांबायचे नाही, हे सासर ठरवते आणि अपात्र ती ठरते. दोनच मुले आणि त्यात एक मुलगा हवाच, या हट्टातून गर्भलिंगनिदानाकडे पावले वळतात. राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या.

केळापूर, मारेगाव, झरी-जामणीच्या कोलाम पोडांचे (वस्त्यांचे) तर काय सांगावे! कोलाम ही आदिम जमात. ती टिकावी म्हणून सरकार योजना राबवते आणि त्याच पोडावरच्या माणसाला तिसरे मूल झाले म्हणून पंचायतीबाहेर ठेवते.

सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणातील अशीच अट वैध ठरवली, हे मान्य. पण वैध कायदाही विधिमंडळाला बदलता येतो. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये आपल्याकडची अशी अट काढूनही टाकली. शिवाय आमदार-खासदारांना ही अट लागू नाही. चार मुलांचा बाप विधानसभेत बसून कायदे करू शकतो, मग तीन मुलांची आई गावचा नळ, शाळा, रस्ता का पाहू शकत नाही?

जिल्ह्यातील सातही आमदारांना विनंती आहे, की पक्ष बाजूला ठेवून त्यांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ही अट रद्द करण्याची दुरुस्ती मांडावी.

– एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)