जावाचं ॲप ऑफलाइन चालतं, पण ऑफलाइन बनतं का?

कर सल्लागाराच्या ऑफिसात टीडीएसचं विवरणपत्र तयार करणारी आरपीयू तुम्ही पाहिली असेल. प्रोटियनची, म्हणजे पूर्वीच्या एनएसडीएल ई-गव्हर्नन्सची ही युटिलिटी म्हणजे जावावर चालणारं साधं डेस्कटॉप ॲप. दिसायला जुनाट, पण कामाला पक्कं. मीही इथे सोमाटण्यात बसून अशीच छोटी डेस्कटॉप ॲप्स बनवतो. तळेगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांत मशिनशेजारच्या पीसीवर ती चालतात, आणि त्या पीसीला इंटरनेट मुद्दामच दिलेलं नसतं.

ॲप चालवायला नेट लागत नाही, हे ठीक. पण तेच ॲप पुन्हा बिल्ड करायचं म्हटलं की नेट लागतं, आणि बरंच लागतं. आपण लिहिलेला कोड थोडा असतो. बाकीच्या शेकडो जार फाइल्स मेवन किंवा ग्रेडल हे टूल मेवन सेंट्रल या सार्वजनिक कोठारातून उतरवून घेतं. ते फुकट आहे, म्हणून आपण नळाच्या पाण्यासारखं गृहीत धरलंय.

आता हा नळ मोजून सोडायची वेळ आलीये. मेवन सेंट्रल चालवणाऱ्या सोनाटाइपने २०२४ मध्ये सांगितलं की १ टक्का आयपी पत्ते ८३ टक्के बँडविड्थ खातात. तेव्हापासून अति उपसा करणाऱ्यांना ४२९ हा एरर, म्हणजे 'जरा थांबा', मिळू लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा अनेक कोठारांच्या चालकांनी मिळून निवेदन काढलं: ही व्यवस्था फुकटात चालत नाही, मोठ्या वापरकर्त्यांनी वाटा उचलावा. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. आणि कोठार बंदही होतं. जेसेंटर बंद करणार असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. जुने प्रोजेक्ट तिकडे बोट दाखवत होते, त्यांची धावपळ झाली. कारखान्यातलं सॉफ्टवेअर दहा-बारा वर्षं चालतं. एवढा काळ सगळं जागच्या जागी राहील, असं मी तरी ग्राहकाला लिहून देणार नाही.

मग करायचं काय? सोपा उपाय म्हणजे सगळ्या फाइल्स एकदा उतरवून कॅश जपून ठेवायची आणि टूलला ऑफलाइन चालायला सांगायचं. पण यात खाचखळगे आहेत. मेवनची 'गो-ऑफलाइन' ही सोय सगळंच आणत नाही. टेस्ट चालवताना लागणारे काही भाग आयत्या वेळी मागितले जातात. मेवन प्रत्येक जार कुठल्या रिपॉझिटरीतून आली याचीही नोंद ठेवतं. सेटिंगमध्ये रिपॉझिटरीचं नाव बदललं, की फाइल डिस्कवर समोर असूनही ऑफलाइन बिल्ड 'सापडली नाही' म्हणून हात वर करतो. शिवाय जावाएफएक्स, एसडब्ल्यूटी यांच्या जार विंडोज, लिनक्स, मॅकसाठी वेगवेगळ्या असतात. लिनक्सवर भरलेली कॅश विंडोजच्या बिल्डला अपुरी पडते.

पुढची पायरी म्हणजे ज्या प्लॅटफॉर्मवर ॲप उभं आहे, तोच सोर्समधून आपल्या मशिनवर कंपाइल करणं. अपाचे नेटबीन्स प्लॅटफॉर्म याला सोयीचा आहे. त्याचा सोर्स उतरवायचा, अँटने बिल्ड करायचा, आणि आपल्या प्रोजेक्टला त्या बिल्डचा फोल्डर प्लॅटफॉर्म म्हणून दाखवायचा. पहिल्या बिल्डला नेट लागतंच, कारण नेटबीन्स स्वतःही बाहेरच्या जार मागवतो. पण कुठली फाइल हवी आणि तिचा हॅश काय, हे सोर्समधल्या साध्या मजकूर फाइल्समध्ये लिहिलेलं असतं. उतरवलेलं सगळं होम फोल्डरमधल्या एका कॅशमध्ये जमा होतं. सोर्स आणि ती कॅश एकत्र जपली, की पुढचा बिल्ड तारेशिवाय होतो.

डेबियनवाले याहून कडक. त्यांच्या मुख्य भांडारातलं कुठलंही पॅकेज बिल्ड करताना नेटला हात लावायचा नाही, असा नियमच आहे. जावाच्या लायब्ररीसुद्धा ते सोर्समधून बनवतात. दोन माणसांच्या दुकानाला हे झेपणार नाही. प्लॅटफॉर्म स्वतः कंपाइल करावा, बाकीच्या जार हॅश तपासून जपाव्यात. माझ्या मते आपल्यासाठी एवढं पुरे.

याला एक किंमत आहे. नेटपासून तोडलेल्या कोठारात जुनी भोकंही जपली जातात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं भोक उघडं पडलं, तेव्हा प्रश्न होता: आपल्या ॲपमध्ये ती जार आहे का, आणि बदलून नवा बिल्ड आज देता येईल का? सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम ठेवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याचा रोख हाच. ज्याने प्रत्येक जार हाताने मोजून आत घेतलीये, त्याची निम्मी यादी तयारच असते. नव्या आवृत्त्यांवर नजर ठेवायचं काम मात्र मग त्याचंच.

तुमची तयारी तपासायची असेल तर कोऱ्या मशिनवर सगळं कॉपी करा, वायफाय बंद करा, केबल काढा आणि बिल्ड चालवा. ग्रेडल वापरत असाल तर बहुधा पहिल्याच ओळीला अडखळाल, कारण त्याचा रॅपर आधी ग्रेडललाच नेटवरून मागवतो. तो पत्ता डिस्कवरच्या फाइलकडे वळवता येतो. शेवटी इन्स्टॉलर बनवायचा राहतो. जेपॅकेज विंडोजचा इन्स्टॉलर विंडोजवरच बनवतो आणि त्यासाठी विक्स नावाचं वेगळं टूल मागतो. तेही जेडीकेसोबत त्याच डिस्कवर ठेवा.