किराणा दुकानदारांनी एकत्र खरेदी केली तर?

दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या ॲपमुळे कोपऱ्यावरच्या दुकानाचे गिऱ्हाईक तुटते आहे. त्यावर बंदीची मागणी होते. पण मोठ्या कंपन्या ट्रकने माल उचलतात आणि आपला दुकानदार घाऊक बाजारातून दोन पोती आणतो. भावातला फरक तिथे पडतो आणि बंदी आली तरी तो राहणारच.

जर्मनीत काय झाले?

तिथल्या किराणा दुकानदारांच्या खरेदी संस्था १८९८ मध्ये बर्लिनमध्ये एकत्र आल्या. साखर, कॉफी, मसाले यांना तेव्हा 'वसाहतींचा माल' म्हणत. तो विकणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जोडून 'एडेका' हे नाव झाले. आज किराणा क्षेत्रात ती जर्मनीतील सर्वांत मोठी आहे. तिची बरीच दुकाने अजूनही स्वतंत्र दुकानदारच चालवतात. दुकान ज्याचे त्याचे. खरेदी आणि गोदाम मात्र सामाईक.

आपल्याकडे शक्य आहे?

साखर कारखाने आणि दूध संघ आपण उभे केले, ग्राहकांसाठी अपना बाजार आणि वारणा बाजारही झाले. दुकानदार मात्र या परंपरेच्या कडेलाच राहिला. कायद्याची अडचण नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा जण संस्था नोंदवू शकतात. भाग कितीही असोत, मत एकच.

हिशेब मात्र नीट मांडायला हवा. समजा, चाळीस दुकाने महिन्याला प्रत्येकी १०० किलो तूरडाळ घेतात. एकत्र खरेदीत किलोमागे तीन रुपये सुटले, तर महिन्याला १२ हजार वाचले. एवढ्यात गोदामाचे भाडे आणि हमाली भागणे कठीण. साखर, तेल, पोहे, रवा जोडले तरच गाडी चालेल. म्हणून दहा जणांनी संस्था नोंदवता येते, पण चालवता येईलच असे नाही.

उधारीचे काय?

माझ्या मते खरी कसोटी इथे आहे. घाऊक व्यापारी महाग देतो, पण उधारीवर देतो. संस्थेने रोख मागितली की अडलेला सभासद पुन्हा त्याच्याच दारात जाणार. त्यामुळे नागरी बँकेकडून खेळते भांडवल घेऊन, सभासदाच्या भागभांडवलाच्या प्रमाणात उधारीची मर्यादा आधीच ठरवावी लागेल. मर्यादा ओलांडली की माल बंद. शेजारच्या दुकानदाराला, त्यातही तो संचालकाचा पाहुणा असेल तर, हे तोंडावर सांगणे अवघड जाते. म्हणून व्यवस्थापक पगारी आणि बाहेरचा हवा. संचालक मात्र रोज गल्ल्यावर बसणारेच असावेत. ज्याचे दुकानच नाही, त्याला फक्त खुर्ची हवी असते.