बाईचें मत कोणाचें ?

निवडणूक आली कीं आमच्या विद्वान् मंडळींना एक प्रश्न हटकून सुचतो : स्त्रियांनीं स्त्री म्हणून मत द्यावें काय ? कोणी म्हणतो द्यावें. कोणी म्हणतो, छे छे, तें देशहिताला बाधक. आम्ही ह्या पंडितांना उलट विचारतों, कीं पुरुषांनीं पुरुष म्हणून मत द्यावें काय, असा सवाल आपण आजपर्यंत एकदां तरी केला आहे काय ? व्यापाऱ्यानें कराचा हिशेब करून मत दिलें, बागाईतदारानें उसाचा भाव पाहून दिलें, पाटलानें भावकी पाहून दिलें, तर तें शहाणपण ! आणि बाईनें आपल्या डोक्यावरचा हंडा पाहून दिलें कीं ती संकुचित दृष्टि ! वाहवा रे न्याय !

हा हक्क बाईला कोणी ओवाळणींत घातलेला नाहीं. १९१९ च्या सुधारणांच्या कायद्यानें तिला दाराबाहेर उभें केलें. १९२१ सालीं मुंबई कायदेमंडळानें ठराव करून तो अडसर काढला, तरी मत मिळालें तें मिळकतवालीला. १९३५ च्या कायद्यानें आणखी बाया यादींत आल्या, त्यांतल्या पुष्कळ नवऱ्याच्या मिळकतीच्या जोरावर. पुढें १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सर्व प्रौढांना मत झालें, तेव्हां देशांतील सुमारें २८ लाख बायांचीं नांवें यादींतून गळालीं. कां ? तर त्यांनीं स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेंच लिहविलें. ह्या बहुतेक उत्तरेकडल्या प्रांतांतल्या, म्हणून आम्हीं मऱ्हाठ्यांनीं मिशीवर ताव मारण्याचें कारण नाहीं. आमच्याकडे बाईचें नांव यादींत येतें, पण मतदानाच्या आदल्या रात्रीं तिचें मत कोणाला, हें ओसरीवर बसलेले पुरुष ठरवितात !

आतां शहरांतल्या सुशिक्षित भगिनी म्हणतात, बाईनें बाईला मत द्यावें ; बाईचें दुःख बाईला कळतें. बाई, सगळ्या बायांचें दुःख एकच असतें काय ? जिच्या घरचीं भांडीं दुसरी बाई घांसते, तिचें दुःख आणि त्या भांडीं घांसणारीचें दुःख एका मापानें मोजतां येतें काय ? २०२३ सालीं लोकसभेंत व विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना देणारी घटनादुरुस्ती झाली. त्यांत अनुसूचित जातिजमातींच्या स्त्रियांना त्यांच्या राखीव जागांतून हिस्सा आहे. परंतु माळीण, कुंभारीण, धनगरीण, साळीण, तेलीण यांच्यासाठीं एक ओळ नाहीं ! आमच्या ग्रामपंचायतींत मात्र २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या, आणि त्यांत इतर मागासवर्गांतल्या स्त्रियांचाही वांटा आहे. जें गांवच्या चावडींत चालतें तें दिल्लीला कां चालूं नये, ह्याचें उत्तर भगिनीभावाची जपमाळ ओढणाऱ्यांनीं आम्हांला द्यावें. नुसतें लुगडें पाहून मत द्यावयाचें असेल, तर सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, असे सरपंच काय थोडे आहेत ?

पण शेटजी-भटजींच्या नांवानें खडे फोडून आमचे बहुजन पुढारी मोकळे सुटूं पाहतील, तर तेंही चालावयाचें नाहीं. हे म्हणतात, आधीं जातीचा प्रश्न, बायांचें मागाहून पाहूं. अहो, मागाहून म्हणजे केव्हां ? १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, तेव्हां नाकें मुरडणाऱ्यांत आपल्या सत्यशोधकांतलेही पुरुष होते, आणि जोतीरावांनीं ‘सत्सारा’मध्यें ताराबाईंची बाजू घेऊन त्यांना खडसावलें. त्या गोष्टीला सवाशेंच्यावर वर्षें लोटलीं. नाकें मात्र तशींच वाकडीं !

बाया स्त्री म्हणून मत देऊं लागल्या म्हणजे जातींत फूट पडते, अशी ह्यांची भीति. त्यांनीं दारूबंदीचें मतदान पाहावें. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणें गांवांतल्या पंचवीस टक्के स्त्री-मतदारांनीं मागणी केली, तर दारूचें दुकान ठेवावें कीं बंद करावें, ह्यावर गुप्त मतदान घेतां येतें. निशाण्या दोन : उभी बाटली म्हणजे दुकान राहावें, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावें. येथें उमेदवार नाहीं, जात नाहीं, पक्ष नाहीं. मराठ्यांच्या आळींतली, महारवाड्यांतली, माळ्याच्या मळ्यांतली बाई एका रांगेंत उभी राहून बाटली आडवी करते. ती स्त्री म्हणून मत देते, कारण मार स्त्री म्हणून खाल्ला, आणि मजुरीचे पैसे गुत्त्यांत गेल्यावर चूल तिचीच थंड पडली. ह्यांत जातीचें काय नासलें ? नासलें तें दुकानदाराचें. आणि नियमांतली मेख पाहा : मतदानाला आलेल्यांतलीं निम्मीं मतें पुरत नाहींत, यादींतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून अधिक लागतात. जी मजुरीला परगांवीं गेली, जी नवऱ्यानें घरांत कोंडली, ती जणूं उभ्या बाटलीलाच मत देऊन गेली !

आतां ओवाळणीची गोष्ट. २०२४ च्या जूनच्या अखेरीस सरकारला बहीण आठवली. अडीच लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या २१ ते ६५ वर्षांच्या बाईला दरमहा १५०० रुपये. नोव्हेंबरांत निवडणूक ; एका बाजूनें २१०० चा वायदा, दुसऱ्या बाजूनें ३००० चा. निकाल लागल्यावर पुढच्या सालीं पडताळणी निघाली. पैसे घेतले म्हणून आम्ही बायांना दोष देणार नाहीं. उन्हांत खुरपणाऱ्या बाईला १५०० रुपये म्हणजे काय, हें पंख्याखालीं बसून लाच-लाच म्हणणाऱ्यांना कळावयाचें नाहीं. आमचा राग त्या ‘भाऊ’ ह्या शब्दावर आहे.

कारण भाऊ कसा असतो तें आमच्या बाया जाणतात. १९९४ सालीं महाराष्ट्रानें आणि २००५ सालीं सबंध देशानें हिंदु मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलाबरोबर वांटा दिला. कायदा झाला, पुढें काय? बाप वारला कीं भाऊ बहिणीला लुगडें घेतो, पुरणपोळी जेवूं घालतो, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो. नाहीं म्हटलें तर माहेर तुटलें ! ह्यांत ब्राह्मण-ब्राह्मणेतर भेद नाहीं. ह्या एका शास्त्रांत आम्ही सारे एकमतानें भिक्षुक आहों.

तेव्हां बाईनें स्त्री म्हणून मत द्यावें काय ? द्यावें, बेलाशक द्यावें. पण उमेदवार बाई कीं बुवा हें पाहून नव्हे, आपला वांटा कोणी खाल्ला आणि कोण परत देईल, हें पाहून. त्या हिशेबांत जात येईल, जमीन येईल, बाटली येईल, येऊं द्यावी. उमेदवाराला आपल्या मिळकतीचें प्रतिज्ञापत्र द्यावें लागतें, त्यांत वडिलार्जित जमीन लिहावी लागते. तो हात जोडून दाराशीं आला, कीं ओवाळण्यापूर्वीं विचारा : दादा, ह्या जमिनीच्या सात-बारावर तुमच्या बहिणीचें नांव आहे काय ? नसेल, तर सही कोणत्या सालीं घेतली ?